वनरक्षक होताना : कोतवाल बुकातली नोंद, तीन किलोमीटर धाव आणि अडीच वर्षे

मार्च २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वनरक्षकाचे प्रशिक्षण संपवून मी मेळघाटातल्या एका बीटचा, म्हणजे एका वनरक्षकाकडे असणाऱ्या जंगलाच्या तुकड्याचा, कार्यभार घेतला आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत ओळखीपाळखीतल्या निदान पंधरा मुलामुलींचे फोन आले. प्रश्न जवळपास तेच होते : व्हॅलिडिटी (जातवैधता प्रमाणपत्र) किती दिवसांत मिळते, धावायला कधीपासून लागायचे, एकंदर खर्च किती येतो आणि ‘वर’ कोणाला काही द्यावे लागते का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकते. मला कोणालाही काही द्यावे लागले नाही. मागणारे मात्र दोन जण भेटले. बाकीची उत्तरे फोनवर तुटक तुटक सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावीत, म्हणून हा प्रपंच.

मी कोरकू आहे. बाबांनी आयुष्याची सत्तावीस वर्षे वनखात्यात रोजंदारीवर काढली. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम. त्यात ते फायर वॉचर असत, पावसाळ्यात रोपवनात खड्डे आणि निंदणी, हिवाळ्यात जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळे ठेवायचे पट्टे, कापायच्या. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असल्यामुळे आमच्याकडे साहेब, संशोधक आणि पाहुणे यांची ये-जा कायम असते, आणि त्यांच्यापुढे वाट दाखवत चालणारा माणूस बहुतेक वेळा कोरकू असतो. तो मस्टरवर, म्हणजे रोजंदारीच्या हजेरीपटावर, असतो; आस्थापनेवर, म्हणजे कायम नोकरीत, नसतो. ऑगस्ट २०२२ मध्ये, मी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला असताना, बाहेरच्या जिल्ह्यातून नव्याने आलेल्या एका वनरक्षकाला बाबा आमच्या अंगणात बसून अस्वलाची आणि तडसाची विष्ठा कशी ओळखायची ते समजावत होते. तो मुलगा मोठा नम्र होता, वहीत लिहून घेत होता. तो गेल्यावर बाबा एवढेच म्हणाले, “ह्या जागेला तुझं शिक्षण पुरतं का, विचारून बघ.”

शिक्षण पुरत होते, किंबहुना जास्तच होते. इतर उमेदवारांना बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय असावा लागतो. अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला दहावी उत्तीर्ण असले तरी अर्ज करता येतो. ही सवलत आमच्या भागातल्या अनेकांना ठाऊकच नसते. माझा मावसभाऊ बारावी नापास झाला म्हणून तीन वर्षे या भरतीकडे फिरकलाच नव्हता.

पहिला धडा मात्र अभ्यासाचा नव्हे, कागदांचा निघाला. बारावी विज्ञानाला असताना महाविद्यालयामार्फत माझा जात पडताळणीचा प्रस्ताव गेला होता. ‘त्रुटी’ असा शेरा पडून तो परत आला होता आणि मी तो कपाटात ठेवून विसरले होते. आता बाहेर काढून वाचला, तेव्हा कळले की आजोबांच्या आधीच्या पिढीचा, म्हणजे ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, जातीचा उल्लेख असलेला एकही पुरावा त्यात नव्हता. शाळेचा दाखला मागतात, पण आमच्या घरात शाळेची पायरी पहिल्यांदा चढले ते बाबा. आजोबा शाळेत गेलेच नाहीत, तर त्यांचा दाखल खारीज उतारा, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीतला उतारा, आणायचा कुठून?

तालुक्याच्या अभिलेख कक्षात जुनी कोतवाल बुके असतात, त्यांत गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, हे एका निवृत्त शिक्षकांनी सांगितले. नकलेसाठी साधा अर्ज आणि किरकोळ शुल्क लागते. पण कोणत्या सालाची नोंद हवी ते आपणच सांगायचे असते, आणि पणजोबांना मुले कोणत्या साली झाली हे घरात कोणालाच माहीत नव्हते. मी १९३५ ते १९५० अशी सगळीच वर्षे अर्जात लिहिली. पहिल्या दोन खेपांना ‘बुक सापडत नाही’ असे उत्तर मिळाले. तिसऱ्या खेपेला, ऑक्टोबरात, कक्षातल्या बाईंनी मला शेजारी बसवून घेतले आणि आम्ही दोघींनी मिळून पाने उलटली. कागद इतका ठिसूळ झाला होता की पान उलटताना त्या दोन्ही हातांनी खालून आधार देत होत्या. १९४३ च्या मृत्यूच्या नोंदींत पणजोबांचे नाव दिसले. मृत व्यक्ती : मुलगी. वय : तीन महिने. जात : कोरकू. कारण : ताप. मुलीच्या नावाची जागा कोरी होती.

घरी येऊन मी ते वाचून दाखवले तेव्हा आजी बराच वेळ काही बोलली नाही. आजोबांना एक मोठी बहीण होऊन गेली, हे तिला लग्नानंतरच्या साठ वर्षांत कोणी सांगितले नव्हते. त्या तीन महिन्यांच्या मुलीच्या नोंदीवर पुढे माझे जातवैधता प्रमाणपत्र उभे राहिले. तुमच्याही घरात शाळेचा पुरावा नसेल तर फक्त थेट रक्ताच्या आजोबा-पणजोबांच्या मागे लागू नका. वंशावळीत जोडता येणाऱ्या चुलत घराण्यातल्या जन्माच्या आणि मृत्यूच्याही नोंदी मागा, आणि वंशावळीतले प्रत्येक नाव कागदावर जसे आहे तसेच लिहा.

नावांचा विषय निघालाच आहे तर सांगते. माझ्या आडनावात अर्धा ‘स’ आहे. आधार कार्डावर तो पूर्ण पडला होता आणि बाबांच्या मतदार ओळखपत्रावर मुळीच नव्हता. आधार केंद्रात पन्नास रुपये भरून तो दुरुस्त झाला, पण त्या अर्ध्या ‘स’पायी मला दोन प्रतिज्ञापत्रे करावी लागली. जातीच्या दाखल्यासाठीच्या प्रतिज्ञापत्रावरचे मुद्रांक शुल्क शासनाने केव्हाच माफ केलेले आहे. तरीही बाहेर बसलेला माणूस तेव्हा शंभराचा स्टॅम्प घ्यायला लावत होता आणि मी पहिल्यांदा तो मुकाट्याने घेतला. दुसऱ्यांदा घेतला नाही. तसेच, अनुसूचित जमातीला नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र लागत नाही. ते काढून देण्याचे साडेतीनशे रुपये माझ्याकडे मागणारा सेतूवाला आमच्याच गावाजवळचा होता.

नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रस्ताव पुन्हा दाखल झाला. त्यानंतर पाच महिने काहीच घडले नाही. जात पडताळणी समितीचे कार्यालय आमच्यापासून बसने पाच तासांवर, जाण्यायेण्याचे साडेचारशे रुपये, आणि तिथे गेल्यावर ‘पोर्टलवर बघत राहा’ एवढेच उत्तर. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा त्याचा सर्वांत मोठा आनंद बहुधा मलाच झाला असेल.

एप्रिलमध्ये समितीच्या दक्षता पथकाचे दोघे जण चौकशीसाठी घरी आले. याची सगळ्यांना फार धास्ती असते, म्हणून थोडे तपशिलात लिहिते. त्यांनी गावातल्या वडीलधाऱ्यांचे जबाब घेतले, कुळ विचारले, लग्नात काय काय करतात ते विचारले, मेल्यानंतरचे विधी विचारले. बाबांनी त्यांना गावाबाहेरच्या झाडाखाली नेऊन आमच्या पूर्वजांचे मुंडे दाखवले. गेलेल्या माणसाच्या नावाने सिडोलीच्या विधीत कोरीव लाकडी फळी उभारतात, तिला मुंडा म्हणतात. आमच्या मुंड्यांपैकी दोन इतके झिजले आहेत की त्यांवरचा घोडेस्वार आता बोटाने चाचपूनच कळतो. साहेबांनी वाघाला कोरकूत काय म्हणतात असे विचारले. बाबा म्हणाले, “कुला.” साहेबांनी कागदावर ‘कुळा’ लिहिले. मी धीर करून तो ‘ळ’ खोडायला लावला. आपल्या चालीरीतींचे पाठांतर करून त्यांच्यापुढे उभे राहण्याची गरज नाही, आणि नव्या पिढीला सगळे विधी सांगता आले नाहीत तरी घाबरू नये. आप्तभावाची चाचणी, म्हणजे चालीरीती विचारून जमात ताडून पाहणे, हाच काही एकमेव निकष नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मार्चमध्ये स्पष्ट केले आहे. कागद भक्कम असेल तर त्यालाच वजन असते.

इकडे जून २०२३ मध्ये भरतीची जाहिरात आली : राज्यभरात वनरक्षकाच्या २,१३८ जागा, राखीव प्रवर्गाला शुल्क ९०० रुपये. गावात रेंज नसल्यामुळे परतवाड्याला जाऊन अर्ज भरला. भरणावळ दोनशे रुपये. अर्जात एक रकाना पेसा क्षेत्राचा, म्हणजे आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्राचा, असतो. अनुसूचित क्षेत्रातल्या ठरावीक पदांवर तिथल्याच स्थानिक आदिवासींना नेमावे, अशी राज्यपालांची २०१४ ची अधिसूचना आहे आणि त्यांत वनरक्षकाचे पद येते. त्यासाठी तुमचे आईवडील किंवा आजी-आजोबा २६ जानेवारी १९५० पासून त्या क्षेत्रात सातत्याने राहत असल्याचा दाखला लागतो. मी आणि माझी आश्रमशाळेपासूनची मैत्रीण, दोघींनी तो दाखला काढला. पुढे तिची निवड पेसा यादीत झाली आणि माझी अनुसूचित जमातीच्या सर्वसाधारण यादीत. त्या एका फरकाने आम्हा दोघींचे काय झाले ते पुढे येईलच.

संगणकावरची परीक्षा ३१ जुलै ते ११ ऑगस्ट २०२३ या काळात पाळ्यापाळ्यांनी झाली. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी असे चार विषय, प्रत्येकी ३० गुण, एकूण १२० आणि किमान ४५ टक्के आवश्यक, म्हणजे ५४ च्या खाली गेलात तर बाद. ऑगस्टात आमच्याकडे सिपना नदीला पूर असतो आणि रपट्यावरून पाणी गेले की एसटी जिथल्या तिथे थांबते, म्हणून मी दोन दिवस आधीच निघाले आणि शहरातल्या मुलींच्या वसतिगृहात एका ओळखीच्या ताईंच्या खोलीत जमिनीवर झोपले. माझ्याबरोबर परीक्षा द्यायची असलेला शेजारच्या ढाण्यावरचा (पाड्यावरचा) मुलगा आदल्या दिवशी निघाला आणि रपट्याच्या अलीकडेच अडकला. त्याची परीक्षा तिथेच संपली. पावसाळ्यात परीक्षा असेल तर अभ्यासाचा शेवटचा दिवस सोडून द्या, पण लवकर निघा.

मराठीच्या विषयाची मला धाकधूक होती, कारण ही भाषा मी पहिलीपासून आश्रमशाळेतच शिकले; घरी आम्ही कोरकूच बोलतो. प्रत्यक्षात मराठीने हात दिला आणि बौद्धिक चाचणीने दगा दिला. घड्याळाचे काटे आणि नातेसंबंधांची कोडी मला आजही नीट सुटत नाहीत. इंग्रजीसाठी शिकवणी लावली नव्हती. जुन्या प्रश्नपत्रिकांचे एकशेऐंशी रुपयांचे एकच पुस्तक तीनदा सोडवले. जंगलाबद्दल माझ्या पाळीत मोजून दोन प्रश्न आले. जंगलात चालायचे कसे, वारा कुठून आहे, सांबराने दिलेला इशारा आणि भेकराचे ओरडणे यांत फरक काय, हे विचारणारा प्रश्न कुठल्याच कागदावर नसतो. याचा मला थोडा राग आला होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

धावण्याची तयारी मी सप्टेंबर २०२२ पासूनच सुरू केली होती आणि ते बरेच झाले, कारण पहिल्या दिवशी तीन किलोमीटरला मला एकवीस मिनिटे लागली. या भरतीत मुलींना तीन आणि मुलांना पाच किलोमीटर धावायचे असते, धावेला ८० गुण असतात, आणि वेळ जितका कमी तितके गुण जास्त. म्हणजे लेखी परीक्षेत कमावलेले इथे गमावता येते आणि उलटही. लहानपणापासून डोंगर चढल्यामुळे धावणे आपोआप जमेल, असा माझा समज होता. तो खोटा ठरला. चढणे निराळे आणि सपाटीवर न थांबता पळणे निराळे. महिनाभर सराव करूनही वेळ अठरा मिनिटांच्या खाली येईना, तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने रक्त तपासायला लावले. हिमोग्लोबिन ९.२ निघाले. तीन महिने लोहाच्या गोळ्या, रोज मूठभर शेंगदाणे आणि गूळ. जानेवारीत तेच ११.८ झाले आणि वेळ सोळा मिनिटांवर आला. मुलींनो, बूट घेण्याआधी रक्त तपासून घ्या. ती तपासणी फुकट आहे. माझे बूट अकराशे रुपयांचे होते.

सराव आश्रमशाळेच्या मैदानावर चाले, दोनशे मीटरची फेरी, पंधरा फेऱ्या. मार्च-एप्रिलमध्ये मात्र पहाटे घराबाहेर पडणेच अवघड होते, कारण मोहफुले गळू लागली की अस्वले झाडाखाली येतात आणि उजाडेपर्यंत हलत नाहीत. बाबा सायकलवर काठी आणि टॉर्च घेऊन मैदानापर्यंत पुढे जात, मी मागे पळत असे. गावातल्या बायका हसत. त्यांच्या मते बापाला सायकलवर बसवून लेकीने पळावे, असा हा पहिलाच प्रकार होता.

मैदानी चाचणी जानेवारी २०२४ मध्ये झाली. पहाटे साडेचारला हजर राहायला सांगितले होते आणि माझ्या गटाला प्रत्यक्ष धावायला मिळाले ते साडेदहाला. सहा तास थंडीत बसून पाय आखडतात. सोबत जाड चादर, केळी आणि पाणी ठेवा, आणि पोट भरून काही खाऊ नका. आधी मोजमाप झाले. अनुसूचित जमातीच्या मुलींना उंचीची अट १४५ सेंटिमीटरची आहे, इतरांना १५०. मी १४७ भरले. धावताना पायाला चिप बांधतात आणि फेऱ्या यंत्रावर मोजल्या जातात. मी माझ्या हिशेबाने शेवटची फेरी पूर्ण करून थांबले, तर यंत्रावर एक फेरी कमी दिसत होती. तिथल्या माणसाने ‘पुढची’ म्हणून आवाज दिला. मी हात वर करून तिथेच उभी राहिले आणि फेऱ्या मोजताना मी बोटांत धरलेले खडे त्यांना दाखवले. दर फेरीला एक खडा एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायचा, ही सवय सरावातली. खडे हा काही पुरावा नव्हे हे मलाही कळत होते. मी लेखी हरकत दिली, दोन तासांनी चित्रीकरण पाहिले गेले आणि फेरी धरली गेली : तेरा मिनिटे एकावन्न सेकंद. ज्या मुलीच्या बाबतीत तसेच घडले आणि जी रडत निघून गेली, तिचे काय झाले ते मला माहीत नाही. मैदान सोडण्यापूर्वी आपली वेळ आपल्या डोळ्यांनी बघून सही करा. हरकत तोंडी नको, कागदावर.

कागदपत्रांची तपासणी तिथेच पुढच्या दिवसांत होती. माझे वैधता प्रमाणपत्र त्याआधी फक्त बारा दिवस हाती आले होते. सप्टेंबरात सुनावणी झाली, मग पुन्हा शांतता, आणि अखेर जानेवारीत. प्रस्ताव दुसऱ्यांदा दाखल केल्यापासून चौदा महिने. तपासणीत सगळ्यांत जास्त वेळ कशावर गेला असेल तर लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापत्रावर. लग्न न झालेल्यांनीही ते द्यायचे असते आणि मी ते आणलेच नव्हते. सुदैवाने तिथल्या तिथे लिहून घेतले.

राहिली चालण्याची चाचणी : मुलांना पंचवीस किलोमीटर, मुलींना सोळा, वेळ चार तास. हिचे गुण नसतात, पण पूर्ण केल्याशिवाय निवड होत नाही. यावर मी फार लिहिणार नाही. आमच्याकडे बाजाराला जाऊन येणे म्हणजेच तेवढे अंतर. नवे बूट घालून येऊ नका, मोजे दोन घाला, आणि सुरुवातीला पळू नका. पळणाऱ्या मुली अकराव्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला बसलेल्या दिसत होत्या. मी दोन तास पन्नास मिनिटांत पोहोचले आणि शेवटचे चार किलोमीटर अकोल्याच्या एका मुलीची पिशवीही माझ्याकडे होती.

मार्चच्या सुरुवातीला निवड यादीत नाव आले आणि १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. मग थेट निकालानंतरच फाइल हलली. मधले तीन महिने मी काय केले असे विचाराल, तर मोहफुले वेचली, तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, गेले आणि दिवसातून दोनदा रेंजच्या टेकडीवर चढून संदेश पाहिले. याच काळात एका माणसाने ‘आदेश लवकर काढून देतो’ म्हणून चाळीस हजार मागितले. त्याच्याकडे माझे नाव असलेल्या यादीची प्रत होती, पण तशी प्रत तर प्रत्येकाच्या मोबाइलवर होती. जुलै २०२४ मध्ये चारित्र्य पडताळणी आणि जिल्हा रुग्णालयातली वैद्यकीय तपासणी होऊन आदेश हाती पडला. वेतनश्रेणी एस-७, मूळ वेतन २१,७०० रुपये. बाबांनी तो आकडा दोनदा वाचायला लावला.

माझ्या मैत्रिणीचे तसे झाले नाही. पेसा पदांच्या भरतीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होते आणि ऑक्टोबर २०२३ पासून त्या नेमणुका थांबल्या होत्या. तिचे गुण माझ्यापेक्षा चार जास्त होते. त्या यादीतल्या मुलामुलींनी आंदोलने केली, उपोषणे केली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांना तूर्त मानधन तत्त्वावर घ्यावे असा शासन निर्णय निघाला. तिलाही नेमणूक मिळाली. काम तेच, खाकी तीच, पण मानधनावर. ती मला यावरून कधी काही बोलली नाही. मीच तिच्यासमोर पगाराचा विषय काढत नाही. अर्ज भरताना पेसाचा दाखला जोडू नये असे मी मुळीच सुचवत नाही. तो आपला हक्क आहे. फक्त दोन्ही याद्यांमध्ये आपला विचार होईल असे सगळे कागद तयार ठेवा, आणि यादीत नाव आले म्हणजे नेमणूक झाली असे समजून हातातले काम सोडू नका.

सप्टेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ असे सहा महिने प्रशिक्षण झाले. संस्था आमच्या जिल्ह्याबाहेर होती. पहिला पगार दोन महिने उशिरा आला आणि मेसचे पैसे मात्र पहिल्या तारखेपासून द्यायचे होते, म्हणून निघताना आठ-दहा हजार रुपये जवळ असू द्या. मी बचत गटातून उसने घेतले. पहाटे कवायत, मग वर्ग, दुपारी क्षेत्रावर. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर, मोजायचा, पंचनामा आणि प्राथमिक गुन्हा अहवाल, म्हणजे पीओआर, कसा लिहायचा, रोपवाटिका, जीपीएस, गस्तीची नोंद करायचे एम-स्ट्राइप्स हे ॲप. झाडे मला सगळी येत होती, पण कोरकू नावांनी. साग म्हणजे टेक्टोना ग्रँडिस, तेंदू म्हणजे डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन, अशी यादी मी भाताच्या रांगेत उभी राहून पाठ करत असे. उलट क्षेत्रावर गेल्यावर शहरातून आलेली मुले माझ्या मागे चालत आणि पान न बघता सालीवरून झाड कसे ओळखायचे ते विचारत. तेव्हा मला बाबांची आणि अंगणातल्या त्या वहीवाल्या मुलाची आठवण येई.

एक गोष्ट खटकली ती लिहून ठेवते. १९२७ चा भारतीय वन अधिनियम आम्हाला आठवडाभर शिकवला, १९७२ चा वन्यजीव कायदा तितकाच. २००६ चा वनहक्क कायदा एका दुपारी संपला. गौण वनोपज, म्हणजे मोहफुले, तेंदूपत्ता यांसारखा माल, गोळा करण्याचा हक्क त्या कायद्याने दिलेला आहे, आणि बीटवर रोज गाठ पडते ती तो गोळा करणाऱ्या बायकांशी, वाघाशी नव्हे. मी वर्गात प्रश्न विचारला. उत्तर मिळाले की परीक्षेत यावर दोनच गुण आहेत.

बीटवर आल्यावर चौथ्या दिवशी गस्तीत एक बाई डोक्यावर जळणाची मोळी घेऊन समोरून येताना दिसली. खाकी पाहून तिने मोळी टाकली आणि ती उतारावरून पळत सुटली. मी कोरकूत हाक मारली. ती थांबली, वळली, डोळ्यांवर हात धरून मला न्याहाळले आणि खदखदून हसली. ती माझ्या आत्याच्या गावची निघाली, ते गाव पुनर्वसनात अकोट तालुक्यात गेले तेव्हा मागे राहिलेल्या दोन घरांतली. मोळीत सगळी वाळकी काटकी होती. तिने विचारले, “बाई, आता तू पावती फाडणार का?” मी नाही म्हटले आणि मोळी तिच्या डोक्यावर चढवायला हात लावला. माझ्याबरोबरचा वनमजूर दुसरीकडे पाहत होता. त्या वाळक्या काटकीसाठी पावती लागत नाही हे मला पक्के माहीत होते, पण हिरवी फांदी असती तर मी काय केले असते, याचा विचार मी संरक्षण कुटीपर्यंत करत गेले आणि त्या रात्रीही.

२०२५ ची होळी १३ मार्चला होती. आम्हा कोरकूंचा हा सगळ्यांत मोठा सण. पुण्या-मुंबईला, विटभट्ट्यांवर गेलेली माणसेही त्यासाठी परत येतात. पण होळी आगीच्या हंगामात येते, म्हणून खात्यात त्या आठवड्यात रजा नसते. बाबांनी सत्तावीस होळ्या जाळरेषेवर काढल्या होत्या आणि मी लहानपणी त्यांच्यावर रुसत असे. दोन दिवसांनी आमची गाडी आग लागल्याच्या संदेशावरून परतत असताना रस्त्यात बायकांनी दोर धरून गाडी अडवली. फगवा मागण्याची ही आमची रीत आहे. दोर धरायला मीही आदल्या वर्षीपर्यंत त्यांच्यात होते. चालकाने दहाची नोट पुढे केली. एवढ्यात टोपीखालचा माझा चेहरा कोणीतरी ओळखला आणि गलका झाला. मी शंभर रुपये दिले, तरी दोर खाली येईना. पगार सुरू झालेल्या मुलीने नुसते पैसे देऊन भागत नाही, गाडीतून उतरून दोन फेर नाचले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे पडले. वायरलेसवर आमचा ठावठिकाणा विचारत होते. चालकाने माझ्याकडे पाहिले, बटण दाबले आणि रस्त्यात अडथळा आहे, दहा मिनिटांत मोकळा होईल, असे कळवले.